त्रिपुष्कर बांधताना: प्रकल्प नोंदी

९ जून, मिरज

काल क्लासमध्ये सहावीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, तबला आणि डग्गा असे दोन का? एकच मोठं का नाही केलं?" मी नेहमीची गोष्ट सांगायला तोंड उघडलं. पखवाज आपटला, दोन तुकडे झाले, तरी वाजला, "तब भी बोला", म्हणून तबला. माझ्या गुरुजींनी मला हीच सांगितली होती आणि मी ती तीस वर्षं पुढे देत आले. काल ती घशातून बाहेर येईना. पखवाजाचे तुकडे झाल्याच्या या कथेच्या कितीतरी शतकं आधी कोरलेल्या शिल्पांत एकाच वादकापुढे दोन-दोन, तीन-तीन ढोल दिसतात. एक मांडीवर आडवा, बाकीचे उभे. मुलाला म्हटलं, "पुढच्या महिन्यात सांगते." म्हणजे आता सांगायलाच हवं.

त्या तीन ढोलांच्या संचाला भरताचं नाट्यशास्त्र पुष्कर म्हणतं. तीन म्हणून त्रिपुष्कर. अंकिक, आलिंग्य आणि ऊर्ध्वक. अंक म्हणजे मांडी, मांडीवर घ्यायचा तो अंकिक. कवेत धरायचा तो आलिंग्य. उभा ठेवायचा तो ऊर्ध्वक. तिन्ही नावं वाजवणाऱ्याच्या शरीरावरून पडलेली आहेत, लाकडावरून किंवा चामड्यावरून नाहीत. आज ते वाजवण्याची परंपरा उरलेली नाही.

ठरवलं आहे की संच बांधायचा. खोडं मातीची. शाईची, म्हणजे मध्ये काळा लेप असलेली, पुडी नाही, कारण त्या काळी कायमची शाई नव्हती. स्वर ओल्या मातीनं लावायचा, नाट्यशास्त्रात सांगितल्याप्रमाणे. दिवाळीपर्यंत वाजला पाहिजे.

१६ जून

आधी नाव. पुष्कर म्हटलं की शेजारच्या काकू म्हणतात, "राजस्थानचं ना? उंटांचा बाजार भरतो ते?" आमच्या क्लासमध्ये दोन पुष्कर आहेत, दोघांनाही आपल्या नावाचं वाद्य असतं हे ठाऊक नाही.

रात्री अमरकोश काढला, अमरसिंहाचा जुना संस्कृत शब्दकोश. नानार्थवर्गात ओळ आहे: "पुष्करं करिहस्ताग्रे वाद्यभाण्डमुखे जले, व्योम्नि खड्गफले पद्मे तीर्थौषधिविशेषयोः." हत्तीच्या सोंडेचं टोक, वाद्याच्या भांड्याचं तोंड, पाणी, आकाश, तलवारीचं पातं, कमळ, एक तीर्थ, एक औषधी. आठ अर्थ एका शब्दाचे.

दुसऱ्या अर्थावर बराच वेळ थांबले. वाद्यभांडमुख. अमरसिंह पुष्कर म्हणजे ढोल असं म्हणत नाही, ढोलाचं तोंड म्हणतो. चामड्याचा तो ताणलेला गोल, जिथे बोट पडतं. आपण ज्याला पुडी म्हणतो ते. नाट्यशास्त्रातही डावं पुष्कर आणि उजवं पुष्कर असे शब्द येतात, तेव्हा एकाच आडव्या अंकिकाची दोन तोंडं अभिप्रेत असतात. म्हणजे पुष्कर हे आधी पृष्ठभागाचं नाव आहे. संपूर्ण वाद्याला ते नंतर चिकटलं असावं, जसं आपण "पुडी गेली" म्हणतो आणि तबला म्हणायचं असतं.

आणि भांड. नाट्यशास्त्रात चर्मवाद्यांना भांडवाद्यं म्हणतात. पहिल्याच अध्यायात ब्रह्मदेव स्वाती ऋषींना त्यांच्या शिष्यांसह भांडांच्या कामावर नेमतो. आपलं भांडं तेच. स्वयंपाकघरातल्या पातेल्याला आणि ढोलाला एक शब्द होता, कदाचित दोन्ही कुंभाराच्या चाकावरून उतरत म्हणून. मृदंगही मृत् आणि अंग, ज्याचं अंग मातीचं तो.

तीर्थ आणि औषधी सोडले तर उरलेल्या अर्थांपैकी पाणी, कमळ, आकाश आणि पाणी उडवणाऱ्या सोंडेचं टोक एका रांगेत बसतात. तलवारीचं पातं मला अजून बसवता येत नाही. ते तसंच ठेवते.

३० जून, माहेर, कोकण

स्वातीची गोष्ट चौतिसाव्या अध्यायात आहे (काही प्रतींत तो तेहतिसावा). पावसाळ्यात अनध्यायाच्या दिवशी, म्हणजे वेदपठणाला सुट्टी असताना, स्वाती पाणी आणायला सरोवरावर जातात. इंद्र असा पाऊस सोडतो की पृथ्वीचा समुद्र व्हावा. वाऱ्याच्या झोतानं धारा कमळाच्या पानांवर पडतात. पानं मोठी, मधली, लहान. त्यांच्यावरचे आवाज वेगवेगळे, गंभीर, गोड. ऋषी ते कानात साठवून आश्रमात परततात आणि विश्वकर्म्याच्या मदतीनं पुष्करं, पणव आणि दर्दुर ही वाद्यं घडवतात.

ही गोष्ट मी पूर्वी वाचली तेव्हा सुंदर कल्पना म्हणून सोडून दिली होती. नाव पुष्कर, पुष्कर म्हणजे कमळ, म्हणून कुणीतरी कथा रचली असणार, असं वाटलं. आज ती खोटी ठरवायची नाही आणि खरीही ठरवायची नाही, फक्त ऐकायची, असं मनाशी म्हणत गावच्या देवळामागच्या तळ्यावर गेले. वहिनी म्हणाली, "अगो, एवढ्या पावसात तळ्यावर? माणसां काय म्हणतील!" मग तीच छत्री धरायला आली.

फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी काठीला बांधलेली. पाऊस सकाळी दहापासून साडेअकरापर्यंत सारखा होता.

कमळाची कोवळी पानं पाण्यावर पसरलेली असतात. जून पानं देठावर उभी राहतात, पाण्यापासून गुडघाभर उंच, उपड्या छत्रीसारखी. आवाजाचा पहिला फरक इथेच आहे. पाण्यावर टेकलेल्या पानावर थेंब पडला की "पत्", लगेच विझतो, जसं डग्ग्यावर मनगट टेकवून मारावं. उभ्या पानावर पडला की "टप्", आणि त्या "टप्"ला शेपूट असतं, बारीक. मोठ्या पानाचं शेपूट लांब आणि खाली, लहान पानाचं आखूड आणि वर.

पण ज्यासाठी ही नोंद लिहिते आहे ते यानंतरचं. उभ्या पानाला मध्ये वाटी असते, जिथे खालून देठ जोडलेला. पानाला पाणी चिकटत नाही, ते पाऱ्यासारखं घरंगळत वाटीत जमतं. एका पानाकडे मी टक लावून बसले. सुरुवातीला कोरड्या पानावर थेंब: "टप्, टप्". वाटीत चमचाभर पाणी जमलं: "टम्". अर्धी वाटी झाली तेव्हा कडेवर पडणाऱ्या थेंबाचाही आवाज खाली उतरला होता, "डुम्" म्हणावा इतका. मग पान कलंडलं, भळ्ळकन पाणी तळ्यात गेलं, आणि पुढचा थेंब पुन्हा "टप्".

मी वहिनीचा हात धरला. ती घाबरली, तिला वाटलं मला चक्कर आली.

पातळ ताणलेल्या पडद्याच्या मध्यावर वजन ठेवलं की कंप मंदावतो आणि स्वर उतरतो. तबल्याची शाई हेच करते, पखवाजाच्या धुमावर, म्हणजे डाव्या तोंडावर, लावलेली कणीक हेच करते, आणि नाट्यशास्त्र पुष्करावर ओली माती लावायला सांगतं तीही हेच करते. त्या क्रियेला तिथे मार्जना म्हणतात. ज्यानं कुणी ही कथा पहिल्यांदा सांगितली तो तळ्याकाठी बसलेला होता असं मला आज वाटतं. पानांच्या लहान-मोठेपणाचं त्यानं सांगितलं, वाटीतल्या पाण्याचं नाही सांगितलं. पण ज्याला पानाचा "टप्" इतका ऐकू आला त्याला पाणी भरलेल्या पानाचा "डुम्" ऐकू आला नसेल, हे मला पटत नाही.

७ जुलै, मिरज

मापं. ग्रंथात ताल आणि अंगुळं आहेत. ताल म्हणजे १२ अंगुळं, वीतभर. अंगुळ मी १.९ सेंटिमीटर धरलं.

अंकिक साडेतीन ताल लांब, तोंड १२ अंगुळं. ऊर्ध्वक चार ताल, तोंड १४ अंगुळं. आलिंग्य तीन ताल, तोंड ८ अंगुळं. म्हणजे ऊर्ध्वक जवळपास ९१ सेंटिमीटर उंच. मातीत एवढं खोड चाकावर उतरवणं आणि मग उचलणं माझ्या आवाक्यातलं नाही. दोन तृतीयांश केलं. ऊर्ध्वक ६१ सेंटिमीटर, तोंड १८. अंकिक ५३, तोंड १५. आलिंग्य ४६, तोंड १०.

आकारांसाठी ग्रंथकारानं घरातल्याच वस्तू वापरल्या आहेत. अंकिक हिरड्यासारखा, मध्ये फुगलेला, दोन्हीकडे निमुळता. ऊर्ध्वक जवाच्या दाण्यासारखा. आलिंग्य गाईच्या शेपटीसारखा, एकीकडून दुसरीकडे बारीक होत जाणारा. कारागिराला समोर बसून सांगावं अशी ही भाषा आहे. मी कागदावर आराखडा काढला आणि शेजारी खरा हिरडा चिकटवला.

९ जुलै

कुंभारवाड्यात गेले. अण्णांनी हिरडा हातात घेऊन फिरवला, कागद बाजूला ठेवला.

"व्हतंय. दोन तुकडं करून मधी जोडायचं. पर बाई, आत्ता न्हाई."

"का हो अण्णा?"

"पावसात भट्टी कुठं लावताय? आन् आता गणपती. दसरा झाल्याबिगर माझा हात मोकळा न्हाई."

कोपऱ्यात शाडूचे गणपती ओळीनं उभे होते, अजून डोळ्यांविना. मी मुकाट परत आले. वाद्य सुचलं पावसात, पण घडणार पाऊस गेल्यावर. स्वातींच्या आश्रमातही खोडं ओलीच राहिली असतील आणि कुणीतरी त्यांना थांबायला सांगितलं असेल.

२८ ऑगस्ट, कृष्णाघाट

मार्जनेची माती. ग्रंथ म्हणतो: नदीकाठची, काळी, मधुर आणि "तोयापसरणश्लक्ष्णा". हा एक शब्द मी दोन महिने घोकत होते. पाणी ओसरल्यामुळे मऊ झालेली. खडा, वाळू, गवत, कोंडा नको. खारी नको.

ज्यानं हे लिहिलं त्याला नदीकाठचा भाद्रपद माहीत होता. कृष्णा आठवड्यापूर्वी घाटाच्या पायऱ्यांवर होती, आता खाली गेली आहे, आणि मधल्या पायऱ्यांवर बोटभर जाडीचा गाळ बसला आहे. वरून उन्हानं कातडीसारखा तडकलेला, खाली लोण्यासारखा. बोट फिरवलं तर कण लागत नाही. पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या एका आजींनी विचारलं, "डोक्याला लावायला नेतीयस व्हय?" काळी माती केसांना लावायची पद्धत त्यांना आठवली. मी म्हटलं, "ढोलाला." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग वरची नको घेऊ, वरच्यात शेण पडलंय. खालच्या पायरीची घे."

मधुर म्हणजे काय हे पाहायला जिभेला लावली. गोड नाही, पण खारटही नाही. आमच्या भागात हे सोपं नाही. उसाला पाणी देऊन देऊन कृष्णाकाठची कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे. शेतातली काळी माती आणून पाहिली होती, ती वाळल्यावर वर पांढरी साय येते. नदीनं धुऊन आणलेली तेवढी शुद्ध राहते.

चार किलो आणली. मलमलच्या फडक्यातून गाळून, पाणी निथळवून, ओल्या कापडाखाली डेऱ्यात ठेवली.

२१ सप्टेंबर, औरंगाबाद लेणी

सातवं लेणं. गाभाऱ्यातल्या भिंतीवर मधोमध नर्तकी, तिच्या दोन्ही अंगांना सहा वादक, सगळ्या बायका. कंबर एका बाजूला झुकलेली, एक हात उचललेला. बासरी आहे, झांजा आहेत, ढोल आहेत. ढोलावर टिपऱ्या नाहीत, हात आहेत.

आत उजेड कमी. रखवालदार काकांनी बाहेरून आरशासारख्या पत्र्यानं उजेड टाकला. मला त्या बायकांचे चेहरे पाहायचे नव्हते, मनगटं पाहायची होती. तबला शिकवताना मी मुलींना सांगते, खांदा सैल सोड, कोपर अंगापासून दूर नको. या बायकांचे खांदे सैल आहेत. पंधराशे वर्षांच्या आसपास त्या तशाच बसल्या आहेत, आणि नर्तकीकडे बघत नाहीत, ऐकत आहेत.

मी तबला शिकायला गेले तेव्हा आमच्या गल्लीत म्हणायचे, बायकांचं वाद्य आहे का हे. या भिंतीसमोर ते सगळं आठवलं.

येताना देवगिरीचा किल्ला रस्त्यावरून पाहिला. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव इथेच जमाखर्चाचा अधिकारी होता. आजोबा काश्मिरातून आलेले, नातू दख्खनमध्ये हिशेब लिहिता लिहिता संगीतरत्नाकर हा संगीतावरचा ग्रंथ लिहून गेला. तो मृदंग, मर्दल, मुरज ही एकाच वाद्याची नावं मानतो आणि म्हणतो, "प्रोक्तं मृदङ्गशब्देन मुनिना पुष्करत्रयम्." भरतमुनींनी मृदंग या शब्दानं तीन पुष्करं सांगितली. एवढंच. ज्यावर भरतानं अख्खा अध्याय खर्च केला त्याला इथे अर्धा श्लोक. लेण्यापासून किल्ल्यापर्यंत जेमतेम तासाभराचा रस्ता, आणि तेवढ्यात वाद्य दगडातून निघून तळटीपेत गेलं.

तीन खोडांचं एक कधी झालं याचा विचार गाडीत करत होते. मला वाटतं, फिरणाऱ्या गायकानर्तकांना तीन मातीची भांडी सांभाळणं जड गेलं असणार. खांद्याला अडकवता येणारा दुतोंडी लाकडी मर्दल त्यांना सोयीचा. पण त्या सोयीत ऊर्ध्वकाचा उभा स्वर गेला. आमच्या डग्ग्या-तबल्यात दोन उभी तोंडं परत आली, तेव्हा हरवलेलं काही परत आलं की नवं काही जन्मलं, हे माझं मलाच अजून ठरवता येत नाही. मुलाला मात्र एवढं नक्की सांगता येईल की वेगवेगळे ढोल शेजारी ठेवून एकानं वाजवायची आपली सवय फार जुनी आहे.

१९ ऑक्टोबर

भट्टी उघडली. पणत्यांच्या राशीत माझी चार खोडं. ऊर्ध्वक अण्णांनी आपणहून दोन केले होते: "एक जाणार, मला ठावं हाय." एक गेलाच, जोडावर उभी चीर. मातीत त्यांनी राख आणि घोड्याची लीद मिसळली होती, त्यामुळे खोडं अपेक्षेपेक्षा हलकी आहेत. कडा मी जाड मागितल्या होत्या, अंगठ्याएवढ्या, कारण चामड्याचा सगळा ताण कडेवर येणार.

टिचकी मारली. रिकामा ऊर्ध्वक "हूंऽ" म्हणतो. अंकिक तोंडाला कान लावला की शंखासारखा.

मातीचं खोड आणि चामडं ही जोडी मोडीत निघालेली नाही हे लक्षात ठेवायला हवं. बंगालचा खोल नावाचा ढोल आजही भाजक्या मातीचा आहे. केरळात कुडियाट्टम या संस्कृत नाट्यप्रकाराबरोबर वाजणारा मिळावू पूर्वी मातीचा असे, आता तांब्याचा आहे. आणि आपलं घुमट, मातीच्या मडक्याचं वाद्य. गोव्यात त्याला घोरपडीचं कातडं लावत, वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात, आणि २०१९ मध्ये गोव्यानं त्याला वारसा वाद्य म्हणून मान दिला. नाट्यशास्त्रातला दर्दुर घटाच्या आकाराचा होता. दर्दुर म्हणजे बेडूकही. घुमट वाजताना ऐकलं की मला तो बेडूक आठवतो, घशाखालची पिशवी फुगवून बोलणारा.

२३ ऑक्टोबर

चामडं. तबला दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या दुकानात. ग्रंथातले चामड्याचे दोष वाचून दाखवले: जीर्ण नको, कावळ्यानं टोचलेलं नको, चरबी राहिलेलं नको, धुरानं किंवा आगीनं बिघडलेलं नको. चाचांनी हातातली वादी (चामड्याची पट्टी) खाली ठेवली.

"ताई, हे कुणी लिहिलंय?"

"भरतमुनी."

"त्यांचं दुकान होतं का?" त्यांनी मनापासून विचारलं. "कावळ्याचं तर गिऱ्हाइकाला कळतही नाही. चामडं वाळत घातलं की कावळा चोच मारतो, बारीक भोक, दिसत नाही. पुडी ओढली की तिथूनच फाटते. हे ज्याची पुडी फाटली तोच सांगणार."

बकऱ्याचं चामडं रात्रभर थंड पाण्यात भिजवलं. दोरीऐवजी वादी घेतली.

२५ ऑक्टोबर

आलिंग्य फुटला. चूक माझी. चाचा म्हणत होते की तीन दिवस घे, रोज थोडं ओढ, चामडं वाळताना स्वतःच ओढतं, तू घाई करू नकोस. मी दुसऱ्याच संध्याकाळी एक फेरी जास्त ओढली, कारण स्वर ऐकायची घाई होती. रात्री दीडला आवाज झाला, काचेचा पेला पडावा तसा. कड तीन ठिकाणी तुटली होती.

अण्णांकडे पणत्यांची दुसरी भट्टी याच आठवड्यात लागणार आहे. तुकडे घेऊन गेले. त्यांनी तुकड्याची जाडी बोटानं चाचपली आणि म्हणाले, "ह्ये तोंड ल्हान, म्हून माती पातळ झाली. चूक माजी बी हाय." मला रडू आलं ते फुटण्याचं नव्हतं.

९ नोव्हेंबर

नवा आलिंग्य तयार. तिन्ही एकत्र मांडले. अंकिक मांडीवर, ऊर्ध्वक उजवीकडे उभा, आलिंग्य डाव्या काखेशी.

मार्जना तीन सांगितल्या आहेत: मायूरी, अर्धमायूरी, कार्मारवी. मायूरीत अंकिकाच्या डाव्या तोंडाला गांधार, उजव्याला षड्ज, ऊर्ध्वकाला पंचम. अर्धमायूरीत डावीकडे षड्ज, उजवीकडे ऋषभ, ऊर्ध्वकाला धैवत. कार्मारवीत डावीकडे ऋषभ, उजवीकडे षड्ज, ऊर्ध्वकाला पंचम. आलिंग्याला निषाद. भरताचा गांधार आपल्या कोमल गांधाराजवळचा, हे विसरलं की सगळं बिघडतं. आज सकाळी मी तासभर शुद्ध गांधार लावत बसले आणि संच एकमेकांशी भांडत राहिला. मायूरी मध्यमग्रामाची (जुन्या स्वररचनांपैकी एक), म्हणून पंचमही एका श्रुतीनं, म्हणजे सूक्ष्म अंतरानं, उतरता हवा.

डेऱ्यातली माती काढली. अडीच महिन्यांत ती आणखी रेशमी झाली आहे. सुपारीएवढा गोळा, ऊर्ध्वकाच्या मध्यावर, ओल्या बोटानं पसरवत. पहिल्या थापेत चामड्याचा कोरडा "टण्" गेला. दुसऱ्या बोटभर मातीत स्वर धरू लागला. पंचमाच्या वर होता, आणखी चिमूट लावली, खाली आला. कडेनं पुसून घेतली, किंचित वर गेला. तंबोऱ्याचा मणी सरकवावा इतकं बारीक काम होतं हे, फक्त बोट चिखलात.

मग डाव्या तोंडाला कणीक लावून पाहिली. माती मिळत नसेल तर गव्हाचं किंवा जवाचं पीठ चालेल, पण त्यात एक दोष आहे, स्वर एकच निघतो, असं ग्रंथात आहे. आम्ही पखवाजाला आयुष्यभर कणीकच लावत आलो, मला ते पटलं नव्हतं. आज शेजारी शेजारी ऐकलं. कणकेचा "धूम्" भरघोस आहे, पण कुठेही मारा, तोच येतो. मातीच्या तोंडावर मध्ये मारलं तर एक, कडेला मारलं तर दुसरा, आणि दोघांत नातं. ग्रंथकाराचं बरोबर आहे.

संध्याकाळी चारही तोंडं लागली. गांधार, षड्ज, पंचम, निषाद.

नाट्यशास्त्रात पुष्कराची सोळा अक्षरं आहेत: क ख ग घ ट ठ ड ढ त थ द ध म र ल ह. आमच्या बोलांतली बरीचशी याच ताटातली. मी काही रचलं नाही. क पासून ह पर्यंत एकेक अक्षर एकेका तोंडावर शोधत गेले. "घ" डाव्या तोंडावर आपोआप आला. "ट" उजव्याच्या कडेवर. "थ" कुठे हे सापडायला पाऊण तास गेला. ऊर्ध्वकावर पूर्ण पंजा टाकून उचलायचा.

कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात पहिल्या अंकात नृत्याची स्पर्धा सुरू होणार असते आणि आतून पुष्कराचा आवाज येतो. परिव्राजिका (संन्यासिनी) म्हणते की ढगांची गर्जना समजून मोर माना उंचावून त्याला साद देत आहेत, आणि मध्यम स्वरातून उठलेली मायूरी मार्जना मनं धुंद करते आहे. इतकी वर्षं मी ते वर्णन म्हणून वाचत होते. आज तो चक्क वादकानं केलेला तपशील वाटला. नाटककाराला मार्जनेचं नाव माहीत होतं, तिचा ग्राम माहीत होता, आणि प्रेक्षकांनाही माहीत असणार हे त्यानं गृहीत धरलं होतं. मेघदूतात अलकेच्या गच्चीवर हळू हळू पुष्करं वाजतात तीही मेघाच्या गंभीर आवाजासारखी.

१० नोव्हेंबर

क्लासची मुलं आली. तो सहावीतला मुलगा पुढे बसला. सगळं सांगायला घेतलं तर वेळ जाईल म्हणून आधी वाजवलं. साध्या सोळा मात्रा, डावा गांधार, उजवा षड्ज, वर पंचम.

बाहेर कोरडी थंडी, आकाशात ढगाचा पत्ता नाही. साधारण चाळीस मिनिटांनी ऊर्ध्वकाचा पंचम वर सरकू लागला. माती वाळत होती. वर बारीक भेगा पडल्या, मग एक खपली सुटून मुलाच्या मांडीवर पडली. त्यानं ती उचलली, वास घेतला.

"बाई, पावसाचा वास येतोय."

मी त्याला वाटीभर पाणी आणायला पाठवलं. त्यानंच बोट भिजवून कडेची माती मध्यावर आणली, मी फक्त षड्ज धरून राहिले. पंचमाच्या किंचित खाली गेला. "थोडी काढ," म्हटलं. त्यानं काढली. आला.

उरलेली माती परत डेऱ्यात, वर ओलं कापड. उद्या अर्धमायूरी लावायची आहे, तिला धैवत लागेल, म्हणजे ऊर्ध्वकावर आजच्यापेक्षा माती कमी.